भाजीपाल्याच्या बांधावर काय ठेवावे आणि काय काढावे

वांगी, भेंडी किंवा कोबीच्या लागवडीपूर्वी बांध पार तासून काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारे ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक) आणि सिरफिड माश्या (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या) हे मित्रकीटक याच बांधावर वस्तीला असतात, आणि बांध बोडका झाला की पिकावर मावा दिसू लागतो तेव्हा ते जवळपास नसतात.

प्रथम निवड करावी. गाजरगवत आणि पेटारी मुळासकट उपटावी, कारण त्यांवर पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पिठासारखी पांढरी कीड) पोसला जातो. भेंडीच्या शेजारी रानभेंडी किंवा मागील हंगामातील झाडे ठेवू नयेत. यलो व्हेन मोझॅक या, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाचा विषाणू त्यांवर टिकतो आणि पांढरी माशी तो नव्या पिकात आणते. मारवेलसारखे ठोंबाने वाढणारे गवत मात्र राहू द्यावे. त्यात कोळी आसरा घेतात, शिवाय जनावरांना वैरण मिळते.

रोपवाटिकेत बी टाकाल त्याच दिवशी बांधावर चवळी आणि कोथिंबीर पेरावी, म्हणजे पुनर्लागवडीनंतर काही आठवड्यांतच कोथिंबीर फुलावर येते. चवळीवरचा काळा मावा पाहून घाबरू नये. तो वांगी-कोबीवर सहसा टिकत नाही, पण ढालकिड्यांना पहिले खाद्य तोच पुरवतो. प्रौढ क्रायसोपा आणि सिरफिड माश्या परागकण व मधुरसावर जगतात, माव्याचा फडशा पाडतात त्या त्यांच्या अळ्या. म्हणून कोथिंबिरीची दुसरी पेरणी पंधरा दिवसांनी करून फुलोरा लांबवावा.

गवत वाढले तर एका वेळी निम्माच बांध कापावा, आणि तो कधीही जाळू नये.

फवारणीपूर्वी पानांची खालची बाजू पाहावी. केसासारख्या बारीक देठावर टेकलेला हिरवट-पांढरा ठिपका हे क्रायसोपाचे अंडे असते. ढालकिड्याची काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी कीड समजून मारली जाते (ही चूक जाणतेही करतात). मावा थोडा आणि अशा अळ्या बऱ्याच दिसल्या, तर फवारणी चार दिवस पुढे ढकलावी. करावीच लागली तर बांधावर औषध उडू देऊ नये.

वांग्याच्या शेंड्यात व फळात शिरलेल्या अळीपर्यंत हे मित्रकीटक पोहोचत नाहीत. तिच्यासाठी सुकलेले शेंडे खुडून नष्ट करणे आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावणे हेच करावे लागते.