हेफसीबा : दुर्मीळ हिब्रू नावाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

हिब्रू नावाचा अर्थ शोधताना नामसूचीत दिलेल्या एका शब्दावर समाधान मानू नये. ते नाव मूळ लिपीत कसे लिहिले आहे आणि कोणत्या वाक्यात आले आहे, हे आधी पाहावे. मराठी बायबलात 'हेफसीबा' या रूपाने आढळणारे आणि आज क्वचितच ठेवले जाणारे मुलीचे नाव घेतले, तर हे नीट उमगते.

प्रथम अक्षरे सुटी करावीत. खेत, फे आणि त्सादी ही तीन अक्षरे मिळून आनंद, आवड, इच्छा या अर्थांचा धातू होतो. त्यापुढील योद म्हणजे 'माझा'. नंतर जोडरेघ येते. तिच्यापुढे बेत म्हणजे 'च्या ठायी' आणि शेवटचे 'हे' नावाचे अक्षर म्हणजे 'ती'. स्वरचिन्हांसह छापलेल्या प्रतीत या शेवटच्या अक्षराच्या पोटात एक ठिपका असतो. हा ठिपका अवश्य पाहावा, कारण तेथे केवळ स्त्रीलिंगी प्रत्यय नसून 'ती' हे सर्वनाम आहे, हे त्यावरूनच कळते. म्हणजे हे नाव एक पूर्ण वाक्य आहे : 'माझा आनंद तिच्या ठायी आहे.' नुसते 'आनंदी' म्हटल्याने यातला 'मी' आणि 'ती' दोन्ही गळून पडतात. इंग्रजी स्पेलिंगवरून 'झ' उच्चारण्याचाही मोह टाळावा. त्सादीचा उच्चार आपल्या 'चोर' शब्दातील 'च'ला जवळचा आहे.

मग नाव कोठे आले आहे ते पाहावे. हेफसीबा बायबलात दोनदाच येते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (21:1) ती 12व्या वर्षी गादीवर बसलेल्या, यहूदाच्या मनश्शे राजाची आई आहे. 2 इतिहास 33:1 मध्ये त्याच राजाची माहिती देताना आईचे नाव गाळले आहे. ती यशया संदेष्ट्याची मुलगी होती असे यहुदी परंपरा मानते, परंतु बायबलच्या मजकुरात तसे म्हटलेले नाही, म्हणून परंपरा आणि मजकूर यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

दुसरे स्थळ यशया 62:4 हे होय. तेथे यरुशलेमेला 'टाकलेली' न म्हणता हेफसीबा म्हटले जाईल, असे वचन आहे, आणि लगेच पुढे 'परमेश्वराला तुझ्या ठायी आनंद आहे' असे त्याच धातूने नावाचे कारणही सांगितले आहे. अर्थाचा याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण. मात्र या वचनातच नावाचा उगम आहे असे म्हणू नये. बहुतेक अभ्यासक हा भाग बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे यहुद्यांना कैद करून बाबेलला नेले त्यानंतरचा मानतात; मनश्शे त्या बंदिवासापूर्वीचा राजा, म्हणून त्याच्या आईचे नाव त्याआधीचे ठरते.

अर्वाचीन वापर सर्वांत शेवटी तपासावा. पियानोवादक हेफसीबा मेनुहिन (1920–1981) यांचे नाव हेच होते. गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी 1922 साली वसलेल्या किबुत्झचेही (इस्राएलमधील सामूहिक शेतवसाहतीचेही) नाव तेच आहे, आणि बेट आल्फाच्या प्राचीन सिनेगॉगची (यहुदी प्रार्थनास्थळाची) प्रसिद्ध मोझेक फरशी त्याच्याच आवारात आहे.