डीजे कंट्रोलरवर गाणं बनवायला बसताय? या चुका टाळा

लग्नसराई संपून पाऊस लागला की डीजे मंडळींना जरा उसंत मिळते. हळदीच्या ऑर्डरी थंडावतात, कंट्रोलर बॅगेसकट पलंगाखाली जातो. मग वाटायला लागतं, दुसऱ्यांची रिमिक्स किती दिवस वाजवायची? गणपतीच्या आत आपलं एक काढू. लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओसारखं गाणी बनवायचं सॉफ्टवेअर येतं, कंट्रोलर पुन्हा बाहेर निघतो, यूएसबीला लागतो. प्ले दाबलं, काही नाही. फेडर ओढला, काही नाही. जॉगला, म्हणजे गोल फिरणाऱ्या चकतीला, कसंबसं काहीतरी जोडलं, तर स्क्रीनवरचा नॉब मधोमध थरथरत उभा. 'गेला वाटतं' म्हणून मी एकदा कंट्रोलर दुरुस्तीला टाकून आलो होतो. तो ठणठणीत होता.

घोळ समजुतीत असतो. बहुतेक परवडणाऱ्या कंट्रोलरमध्ये गाण्यांचा आवाज मिसळणारं काही नसतंच. दोन गाण्यांमधला क्रॉसफेडर सरकवला की यूएसबीतून फक्त मिडी नावाच्या भाषेतले आकडे जातात. आवाज कमी-जास्त करतो तो लॅपटॉपमधला प्रोग्राम. रेकॉर्डबॉक्ससारख्या डीजे सॉफ्टवेअरला आपला कंट्रोलर नावानिशी माहीत असतो, कुठला आकडा म्हणजे कुठलं बटण हे त्याला आधीच शिकवलेलं असतं. लाइव्हसाठी तो अनोळखी पाहुणा. ओळख आपणच करून द्यायची, यालाच मॅपिंग म्हणतात.

आकडे न बघता मॅपिंग करणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आधी येणारे आकडे दाखवणारा प्रोग्राम, विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर मिडी मॉनिटर, उघडा, एकेक बटण दाबा आणि काय येतंय ते वहीत लिहा. अर्धा तास जातो, पण पुढचे चार दिवस वाचतात.

आपल्याकडे पुष्कळांकडे असलेल्या डीडीजे-४०० या कंट्रोलरचं उदाहरण घेऊ. डावा डेक (एका गाण्याची बाजू) मिडी चॅनल १ वर बोलतो, उजवा २ वर, क्रॉसफेडर ७ वर आणि डाव्या डेकची पॅड्स (थाप मारायची बटणं) ८ वर. कंपनीची यादी इंटरनेटवर मिळते, पण ती सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) आकड्यांत असते आणि चॅनल शून्यापासून मोजलेले असतात. तिथे ९७ दिसलं म्हणजे चॅनल ८ ची नोट (बटण दाबल्याचा निरोप), आणि १३ दिसलं म्हणजे आपला १९. यादीतले आकडे तसेच्या तसे टाकून 'चालत नाही' म्हणणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

आता खरी गंमत फेडरची. १९८३ साली मिडी आलं तेव्हा एका कंट्रोलला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या ठरल्या. लांब फेडरला त्या अपुऱ्या, म्हणून डीडीजे-४०० एका हालचालीचे दोन संदेश पाठवतो: व्हॉल्यूम फेडरसाठी कंट्रोल नंबर १९ वर ढोबळ किंमत आणि ५१ वर बारीक. दोन्ही मिळून १६,३८४ पायऱ्या होतात. मिडी लर्न करताना, म्हणजे फेडर हलवून तो ओळखायला लावताना, सॉफ्टवेअरने चुकून ५१ धरला, तर फेडर खालून वर नेईपर्यंत स्क्रीनवरचा आवाज शंभराहून जास्त वेळा शून्यावरून टोकाला जाऊन परत येतो. फेडरमध्ये धूळ गेली समजून लोक स्प्रे मारत बसतात.

उपाय सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतो. एफएल स्टुडिओत लिंकच्या खिडकीत कंट्रोल नंबर हाताने घालता येतो, तिथे १९ लिहा. लाइव्हमध्ये मॅपिंग निवडल्यावर खालच्या पट्टीत १४ बिटचा (दोन्ही संदेश एकत्र वाचणारा) पर्याय मिळतो, तो घ्या. तरी ऐकेना, तर मधे मिडी-ऑक्स बसवून ३२ ते ६३ पर्यंतचे कंट्रोल नंबर गाळून टाका. बारीक पायऱ्या जातील, पण साध्या फिल्टरला आणि व्हॉल्यूमला १२८ पुरतात.

जॉगचं दुखणं वेगळं. त्याला सुरुवात नाही की शेवट नाही, त्यामुळे तो 'कुठे आहे' हे न सांगता 'किती सरकला' एवढंच सांगतो: उजवीकडे ६५, डावीकडे ६३, जोरात फिरवला की ६४ पासून आणखी लांबचे आकडे. लाइव्ह ॲब्सोल्यूट मोडवर (आकडा म्हणजे थेट जागा) असेल तर त्याला हे १२७ पैकी अर्ध्यावरचे आकडे वाटतात, म्हणून तो नॉब मधोमध थरथरत राहतो. मोड बदलून रिलेटिव्ह बिन ऑफसेट करा, शांत होईल. आणि एक स्पष्टच सांगतो: असा मॅप केलेला जॉग स्क्रॅच करणार नाही. तो नाद डीजे सॉफ्टवेअरमध्येच पुरवा.

पॅड दाबलं, ढोल वाजला नाही

लाइव्हच्या ड्रम रॅकमध्ये (प्रत्येक नोटेला एक आवाज लावायच्या पेटीत) समोर दिसणारं पहिलं पॅड सहसा नोट ३६ वर असतं. डीडीजे-४०० ची पॅड्स हॉट क्यू मोडमध्ये ० ते ७ या नोटा पाठवतात. म्हणजे आपण दार ठोठावतोय तळमजल्यावर आणि ढोल राहतो वर. ड्रम रॅकच्या आधी पिच नावाचा मिडी इफेक्ट टाकून ३६ ने वर सरकवा, आठही पॅड्स बोलायला लागतील. पॅडचा मोड बदलला की नोटाही बदलतात, तेव्हा मधेच पॅड्स मुकी झाली तर आधी कुठला मोड चालू आहे ते बघा.

ती बोलली तरी एक उणीव राहते. हळू दाबा की जोरात, प्रत्येक ठोका १२७ च्याच जोराने येतो. हलगीसारखं वाद्य असं वाजवलं तर दारावर मारलेल्या थापांसारखं ऐकू येतं. व्हेलॉसिटी इफेक्टमधलं रँडम थोडं वाढवा किंवा मागाहून हाताने जोर कमी-जास्त करा. मुळात बीट्स बनवण्यासाठीच काही विकत घ्यायचं असेल तर डीजे कंट्रोलर घेऊच नका, साधं मिडी पॅड घ्या. घरात आहेच, तर तो फिल्टर, ईक्यू आणि क्रॉसफेडरसाठी वापरा. तिथे तो मजा आणतो.

बटणांचे दिवे लागत नाहीत ही तक्रारही इथलीच. दिवा कंट्रोलर स्वतः लावत नाही, सॉफ्टवेअरने उलट निरोप पाठवावा लागतो. लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये आउटपुटसमोरचं रिमोट चालू करा. इनपुटसमोर मात्र रिमोट आणि ट्रॅक दोन्ही सरसकट चालू ठेवू नका. मॅप न केलेल्या बटणाची नोट तुमच्या बेसच्या ट्रॅकवर जाऊन पडते आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकूही न येणारे खर्जाचे ठिपके जमा होतात.

रेकॉर्डबॉक्स मागे उघडं ठेवणं

विंडोजवर मिडी पोर्ट सहसा एकाच प्रोग्रामला मिळतं. कंट्रोलरमधून आवाज बाहेर काढणाऱ्या एएसआयओ ड्रायव्हरचीही बहुधा तीच गत. जो आधी आला त्याने जागा धरली, एसटीत रुमाल टाकल्यासारखी. डीजे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा आणि मग लाइव्ह उघडा.

हेडफोनमध्ये क्यू (फक्त आपल्यालाच आधी ऐकू येणारा आवाज) हवा असेल तर आउटपुट कॉन्फिगमध्ये ३/४ चालू करून क्यू आउट तिकडे वळवा. बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) ५१२ वर असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर तिथेच होतो. पॅड वाजवताना १२८ वर आणा, मिक्स करताना पुन्हा वाढवा.

फेडरला हात लावताच आवाज उडी मारतो? टेकओव्हर मोड पिक-अप करा.

ग्रिडबद्दल, म्हणजे स्क्रीनवरच्या तालाच्या रेघांबद्दल, थोडं, कारण आपल्या गाण्यांना ते फार नडतं. कोळीगीताचा ६/८ ठेका ४/४ च्या साध्या ग्रिडवर टाकला की प्रत्येक थाप रेघेच्या अलीकडे-पलीकडे पडते आणि हौशी माणूस क्वांटाइझ मारून, म्हणजे ती रेघेवर ओढून, तिचा जीव घेतो. एका मात्रेचे तीन भाग दिसायला हवेत. कंट्रोल आणि ३ दाबून ट्रिप्लेट ग्रिड चालू करा. क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय) वाजवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगवर ऑटो-वार्पचा (ताल आपोआप जुळवण्याचा) भरवसा धरू नका, समेच्या थापेवर हाताने मार्कर लावा.

एवढं सगळं जमून आलं, दुसऱ्या दिवशी नवीन प्रोजेक्ट उघडला आणि मॅपिंग गायब. ते हरवलेलं नसतं, लाइव्ह ते कालच्या सेटमध्येच, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलमध्येच, ठेवतं. रिकामा सेट घ्या, त्यात फक्त मॅपिंग, पिच इफेक्ट आणि क्यूची जोडणी ठेवा आणि तोच डीफॉल्ट सेट म्हणून सेव्ह करा.