संविधानाचा अभ्यास कोठून सुरू करावा

संविधान पहिल्या पानापासून सलग वाचू नये. आधी उद्देशिका आणि मग अनुच्छेद 12 ते 35 मधील मूलभूत हक्क वाचावेत, तेही मार्गदर्शिकेऐवजी अधिकृत मराठी पाठातून. प्रत्येक हक्कासमोर त्याच्या मर्यादा वहीत लिहाव्यात, कारण अनुच्छेद 19 चा स्वातंत्र्ये देणारा पहिला खंड पाठ करून निर्बंधांचे पुढचे पाच खंड सोडून देणे ही चूक फार महागात पडते. त्यानंतर 1973 चा केशवानंद भारती खटला अभ्यासावा. 13 न्यायमूर्तींनी 7 विरुद्ध 6 मतांनी दिलेल्या या निर्णयानुसार संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, मात्र त्याची मूलभूत संरचना मोडू शकत नाही.

खानदेशातील विद्यार्थ्याला तर पाचवी अनुसूची, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांच्या प्रशासनाच्या तरतुदी, घराजवळच भेटते. अनुच्छेद 244 आणि या क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा 1996 चा पेसा कायदा वाचून नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याकडील एखाद्या ग्रामसभेचे कामकाज, गावकऱ्यांच्या संमतीने, पाहावे. गौण वनोपज, गौण खनिज यांवरील ग्रामसभेचा अधिकार तेथे जितका स्पष्ट कळतो तितका पुस्तकात कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. हक्कभंगावर दाद मागण्यासाठी अनुच्छेद 32 (सर्वोच्च न्यायालय) आणि 226 (उच्च न्यायालय) शेजारी ठेवून वाचावेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अशा दाद मागणाऱ्या रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे चालतात.