धक्क्यावरची वीज बोटीवर घ्यावी कशी, धक्का न खाता

१ जूनला मासेमारी बंद होते आणि वर्सोवा, मढ, ससून डॉक, भाऊचा धक्का, सगळीकडे बोटी दाटीवाटीनं लागतात. पुढचे दोन महिने दुरुस्तीचे. ग्राइंडर, ड्रिल, बॅटरीचा चार्जर, राखणीला राहिलेल्या खलाशाचा पंखा, सगळ्याला वीज लागते. ती येते धक्क्यावरच्या बोर्डातून, आणि पुष्कळदा नुसत्या दोन तारांनी. तिसरी तार कुठाय विचारलं की उत्तर ठरलेलं: "बोट पाण्यातच आहे की! समुद्रापेक्षा मोठं अर्थिंग कुठलं?"

मीही हे बरीच वर्षं खरं मानत होतो. पण फॉल्टचा करंट, म्हणजे बिघाडामुळे बोटीच्या धातूत शिरलेला करंट, समुद्रात जिरत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून तो निघाला तिथेच त्याला परत जायचं असतं. पाणी, चिखल, जमीन या वाटेत समजा १० ओहमचा अडथळा आहे. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) एवढ्यानं ढिम्म हलत नाही. इंजिन, विंच, रेलिंग तसंच जिवंत राहतं आणि ओल्या धक्क्यावरून रेलिंगला हात घालणारा सापडतो. हिरवी तार, म्हणजे हीच तिसरी अर्थची तार, थेट उगमापर्यंत, त्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, अखंड गेली असेल, तर अडथळा अगदी कमी होतो, करंट एकदम उसळतो आणि एमसीबी पडतो. म्हणून तिसरी तार किनाऱ्यावरूनच यायला हवी. समुद्र तिची जागा घेत नाही.

सुरुवात धक्क्यावरच्या बोर्डापासून करा. मल्टीमीटरनं फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन. फेज-अर्थमध्ये ६०, ९० असे काहीतरी लटकते आकडे आले, तर अर्थ तुटलेला आहे. आकडे बरोबर आले तरी निर्धास्त होऊ नका. मीटर नाममात्र करंट घेतो, त्यामुळे गंजून केसाएवढ्या उरलेल्या तारेवरही तो २३० दाखवतो. अर्थची खरी ताकद लूप टेस्टरवर (अर्थच्या वाटेतला अडथळा मोजणाऱ्या यंत्रावर) कळते. ते काम आणि बोर्डातली कुठलीही कायम जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

मग केबल. तीन कोअरची, रबरी आवरणाची, एकसंध. १६ अँपिअरसाठी तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम, लांब अंतराला त्याहून जाड. टेप गुंडाळलेला सांधा पावसात आणि खाऱ्या हवेत टिकत नाही. घरगुती थ्री-पिनपेक्षा निळे, गोल, झाकणाचे औद्योगिक प्लग-सॉकेट घ्या. केबलला झोळ सोडताना उधाणाचा अंदाज घ्या. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-सुकतीतला फरक चार-साडेचार मीटरच्या वर जातो. संध्याकाळी सैल वाटलेली केबल पहाटे ताणून प्लग उपसते. झोळ पाण्याला टेकूही नये. म्हणून केबलचा भार दोरीवर घ्या, प्लगवर नाही.

बोटीवर केबल शिरते तिथेच, हाताच्या अंतरावर, डबल पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. डबल पोल अशासाठी, की धक्क्यावर कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर सिंगल पोल बंद करूनही आतली तार जिवंत राहते. एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो केबल वाचवतो. माणसाला वाचवतो आरसीसीबी: गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की तो पडतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

हिरवी तार तांब्याच्या एका पट्टीवर आणा आणि तिथून इंजिन ब्लॉक, बॅटरीची निगेटिव्ह, धातूची डिझेल टाकी, लोखंडी बोट असेल तर खुद्द सांगाडा जोडा. ही तार फेजच्या तारेपेक्षा बारीक नको.

आता जिथे सर्वात जास्त घोळ होतो ती गोष्ट. न्यूट्रल आणि अर्थ बोटीवर जोडायचे नाहीत. ते एकत्र येतात फक्त उगमाशी, म्हणजे किनाऱ्यावर. माझ्या काकांच्या बोटीवर एकानं "अर्थिंग पक्कं व्हावं" म्हणून दोन्ही एका स्क्रूखाली घेतले. धक्क्यावरचा आरसीसीबी सारखा पडायला लागला, तेव्हा दोष आरसीसीबीला दिला आणि तो काढूनच टाकला! प्रत्यक्षात न्यूट्रलचा परतीचा करंट फुटून काही हिरव्या तारेतून, काही बोटीच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवरून पाण्यात जात होता. आरसीसीबी बिचारा खरंच बोलत होता. अपवाद: वीज बोटीवरच्या जनरेटरची असेल, तर उगम बोटीवरच असतो, तेव्हा जोड तिथेच हवा. पण किनाऱ्याची वीज आणि जनरेटर यांच्या मध्ये फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच लागतो.

हिरवी तार जोडल्यावर एक तक्रार हमखास येते: झिंक (बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे) लवकर संपतंय. तक्रार रास्त आहे. अर्थच्या तारेनं तुमची लोखंडी बोट आणि शेजाऱ्याचा पितळी पंखा जोडले जातात, खारं पाणी मध्ये असतंच, झाली बॅटरी तयार! त्यात तुमचं जस्त झिजतं. यावर हिरवी तार कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. काही शेकड्यांच्या झिंकसाठी जीव टांगणीला लावायचा? त्याऐवजी हिरव्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. आतल्या डायोडच्या जोड्या सुमारे १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात, पण फॉल्टचा मोठा करंट सोडतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (बोटीची वीज किनाऱ्याच्या तारांपासून वेगळी ठेवणारा) त्याहून चांगला, पण जड आणि महाग. लहान बोटीला परवडत नाही.

पंख्यात अडकलेलं जाळं काढायला कुणी उतरणार असेल, तर आधी जवळच्या सगळ्या बोटींचे प्लग काढायला लावा. खाऱ्या पाण्यात करंट अंगाऐवजी पाण्यातून जाणं पसंत करतो, गोड्या पाण्यात उलट. तिथे अंगातून जाऊन हातपाय आखडतात आणि पोहणारा बुडतो. पण म्हणून खाऱ्या पाण्यावर भरवसा टाकू नका, कारण मुसळधार पावसात खाडीच्या तोंडाशी वरचा थर बराच गोडा झालेला असतो. कुणी पडलाच, तर मागून उडी मारू नका. आधी मेन बंद करा.

शेवटी लीकेज क्लॅम्प मीटरचा जबडा तिन्ही कोअरसकट अख्ख्या केबलभोवती लावा. आकडा शून्याजवळ असायला हवा. पाच-दहा मिलिअँपिअर दिसले, तर तेवढा करंट पाण्यातून फिरतोय. एकेक उपकरण बंद करत चोर शोधा. आमच्याकडे बहुधा बॅटरीचा जुना चार्जर निघतो.

जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्याचा प्लग, स्विच सगळ्यात शेवटी. काढताना बरोबर उलटं.