सिग्नल तोडल्याचे चुकीचे ई-चलान मी कसे रद्द करून घेतले

स्कूटर दारात उभी असताना सिग्नल तोडल्याचे ई-चलान आले. पैसे भरून मोकळे व्हावे, असे घरच्यांचे मत होते. परंतु दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडू शकते, हे मला ठाऊक असल्याने मी थांबलो. चलानावरचा फोटो मोठा करून पाहिला, तर गाडी काळी मोटारसायकल निघाली. नंबरप्लेटवरील चिखलामुळे ३ चा ८ वाचला गेला होता. आरसीची प्रत आणि नंबर स्पष्ट दिसतील असे स्कूटरचे पुढून-मागून काढलेले फोटो जोडून अधिकृत संकेतस्थळावर मोजक्या शब्दांत तक्रार नोंदवली. बारा दिवसांनी चलान रद्द झाले; त्या नोंदीचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवला आहे.