छातीवरची चौकोनी पिशवी कसली?
पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा घरच्या ट्रंकेत ब्रिटिश काळातल्या सैनिकाचा फोटो सापडला, तर १२०० डीपीआयला स्कॅन करा. आधी रायफल पाहा: ली-एन्फील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलच्या बोल्टचा (काडतूस भरायला मागे-पुढे करायच्या भागाचा) दांडा उजवीकडे असतो, डावीकडे दिसला तर फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेलाय. छातीवरची चौकोनी पिशवी बहुधा गॅस मास्कची, काडतुसांची नव्हे. ती दोन्ही महायुद्धांत होती, म्हणून काळ काडतुसांच्या पाऊचवरून ठरवा. दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे पाऊच, प्रत्येकी १५ काडतुसं, म्हणजे १९०८ पॅटर्न (सैनिकाच्या पट्टे-पाऊचचा त्या वर्षीचा ठरलेला नमुना). दोनच मोठे, ब्रेन गन या हलक्या मशीनगनची मॅगझिन मावतील असे, म्हणजे १९३७. खांद्यावरून काडतुसांचे पाऊच लावलेला तिरका चामडी पट्टा असेल तर तो बहुधा १९०३चा बँडोलियर. मात्र जुनं सामान पुढे अनेक वर्षं वापरात राहायचं. पॅटर्नचं वर्ष म्हणजे फोटोची तारीख नव्हे.