आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन: तारीख मिळाल्यापासूनची तयारी

तारीख तीन-चार आठवड्यांवर असेल, तर पहिल्याच दिवशी जिना चढून बघा. दोन मजले न थांबता जमले नाहीत, तर कितव्या पायरीला धाप लागली ते लिहून ठेवा. भूलतज्ज्ञ तेच विचारतात. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर जिना नको, आधी डॉक्टर. हिमोग्लोबिनचा रिपोर्टही त्याच दिवशी काढा. आतड्यातल्या गाठीतून नकळत रक्त झिरपत राहतं आणि थकवा पुष्कळदा त्याचाच असतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते, दोन तासांचं अंतर हवं. दिवस कमी असतील तर शिरेतून लोह देता येईल का, हे विचारा.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. रमतगमत घातलेली शतपावली यात धरायची नाही. एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, अशा दोन-तीन खेपा. ऑपरेशननंतर पलंगावरून उठताना याच मांड्या कामाला येतात. ‘आता नुसता आराम कर’ म्हणणाऱ्या घरच्यांना एक आकडा सांगा: माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या ७७ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) व्यायाम, आहार आणि मनाची तयारी ऑपरेशनआधी चार आठवडे सुरू केलेल्यांपैकी ८४ टक्के जण आठ आठवड्यांत पूर्वीइतकं चालू लागले. तेच सगळं ऑपरेशननंतर सुरू केलेल्यांत ६२ टक्के. मात्र पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या लागल्या, तर व्यायाम सोडून थेट हॉस्पिटल. आतडं अडलेलं असू शकतं.

प्रथिनं दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९०. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सहा-सात, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पेज आणि शहाळ्यावर हा हिशेब जुळत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

विडी-सिगारेट आजपासून बंद, तंबाखू-मशेरीसुद्धा. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आत्ताच आणा. त्यात फुंकायचं नसतं, श्वास सावकाश आत ओढून चेंडू दोन-तीन सेकंद वर धरायचा असतो. भरभर केलं की गरगरतं. शेवटच्या आठवड्यात कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्यावर उठायचा सराव करा. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची, तीच उशी हॉस्पिटलच्या पिशवीत टाका.